मोठ्या पडद्यावरची आई

"एकदा येऊन आईला स्वतःच्या डोळ्यांनी बघून जा. फोनवर ती नेहमीच बरी असते."

आईच्या शेजारी राहणाऱ्या नर्सबाईंनी हे सांगितलं, तेव्हा तिच्या लहानग्या लेकीच्या हिरड्या सुजल्या होत्या, लेक कडेवर किरकिरत होती आणि मोकळ्या हातात तापमापी होती. "हो हो, येते ना," म्हणून तिने फोन ठेवला आणि त्या सांगण्याकडे चक्क कानाडोळा केला. नर्सबाई म्हणजे राईचा पर्वत करण्यात पटाईत. सगळा जन्म रुग्णालयात गेलेला, त्यामुळे जिन्यात कुणी शिंकलं तरी त्यांना न्यूमोनिया दिसायचा. शिवाय आईला काही होत असतं तर आईने सांगितलं नसतं का?

गंमत अशी, की एरवी तिला काळजीला विषय लागत नसे. रसायनशास्त्र शिकलेली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांकडून प्रयोग करून घेणारी बाई. क्षणभर नजर हटली की काहीतरी फुटतं, हे तिच्या अंगात मुरलेलं. लेक झाल्यावर ती रजेवर होती, पण नजर काही रजेवर गेली नव्हती. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज, खिडक्यांना जाळ्या, औषधांच्या कपाटाला कुलूप आणि त्या कुलपाच्या किल्लीसाठी वेगळी डबी. बसमध्ये दहा जण खोकतात म्हणून लेकीला घेऊन ती वर्षभरात आईकडेही गेली नव्हती. नवरा तिला 'हवामान खातं' म्हणायचा. आकाश निरभ्र असलं तरी हिच्याकडे वादळाचा इशारा तयार.

अशा घरात तो भला मोठा टीव्ही आला म्हणजे नवऱ्याने किती दिवस किल्ला लढवला असेल, याची कल्पना करावी. तो छापखान्यात रंग तपासायच्या कामावर होता. दिवसभर भिंगाला डोळा लावून कागदावरचे ठिपके बघायचे. संध्याकाळी घरी आल्यावर काहीतरी मोठं, काहीतरी लांबून बघावंसं वाटतं, एवढंच त्याचं म्हणणं. तिचे आक्षेप मात्र पुष्कळ होते. लेकीचे डोळे बिघडतील, लेक बोलायची थांबेल, टीव्ही लेकीच्या अंगावर पडेल. शेवटी तिने अटी घातल्या आणि त्याने त्या निमूट मान्य केल्या. टीव्ही भिंतीतच ठोकायचा, ही पहिली अट. बसवायला आलेला माणूस भिंतीत छिद्रं पाडत असताना ती प्रत्येक स्क्रू स्वतः हलवून बघत होती. आणखी दोन मारा म्हटल्यावर त्याने ड्रिल खाली ठेवलं.

"वहिनी, टीव्ही लावायचाय का हत्ती बांधायचाय?"

"दोन्हीला पुरतील एवढे मारा," ती म्हणाली.

टीव्ही लागला आणि समोरच्या भिंतीला एकदम खिडकी पडल्यासारखं झालं. खोली लहान वाटायला लागली, बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातल्या खड्यांची चमक दिसायला लागली. तिने जमिनीवर खडूने रेघ मारली. या रेघेच्या पुढे लेकीने जायचं नाही. लेक मोठी गुणाची. रेघेच्या पुढे गेली नाही, रेघेवरच गोल गोल नाचायला लागली. उगीच नाही तिला सगळे भिंगरी म्हणत.

आणि खरं सांगायचं तर दुपारी भिंगरी झोपली की ती स्वतःच टीव्ही लावायची. आवाज बंद करून समुद्राच्या तळाचे कार्यक्रम बघायची. एवढाले मासे काही न बोलता भिंतीवरून निघून जायचे. तिचे खांदे खाली यायचे. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. जिंकलेल्या माणसाला आणखी किती द्यायचं.

टीव्हीच्या माथ्यावर एक बारीक कॅमेरा होता. त्यातून आपण भिंतीवरच्या माणसाशी समोरासमोर बोलू शकतो, असं नवऱ्याने कौतुकाने सांगितलं. तिने कुठेतरी वाचलं होतं, की अशा कॅमेऱ्यांतून परकी माणसं घरात डोकावतात. तिने लगेच काळी चिकटपट्टी आणली आणि त्या कॅमेऱ्यावर लावून टाकली. बोलायचं असेल तेव्हा पट्टी काढायची, बोलून झालं की पुन्हा लावायची. नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण पट्टीला लावला नाही.

पहिल्या रविवारी त्यांनी आईला फोन लावला आणि भिंतभर एक कान उगवला.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. उभं आयुष्य कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. आवाजावरून माणूस ओळखायची, माणसाचा मूड ओळखायची, आणि म्हणे माणूस उभा राहून बोलतोय की बसून, हेसुद्धा. फोन ही वस्तू कानाची, समोर धरायची नाही, हे तिच्या हाताला इतकं पक्कं ठाऊक होतं, की व्हिडिओवरही ती फोन कानालाच लावायची. लहानशा मोबाइलवर आजवर त्यांना थोडे केस आणि थोडी भिंत दिसायची. आता खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कान. भिंगरी रेघ ओलांडून धावली आणि तिने त्या कानाचा मुका घेतला.

"आई, आज कानाचंच दर्शन का?" नवऱ्याने विचारलं.

"कान आहे म्हणून संसार झाला, जावईबापू," कान म्हणाला.

मग सगळ्यांनी मिळून फोन समोर धरायला लावला, आणि आई आली. हनुवटीवरचा तीळ, डाव्या भुवईतला आडवा व्रण, हसताना नाकावर पडणारी घडी. वर्षभर जिचा फक्त आवाज होता, ती घरात येऊन बसली होती. त्या दिवसापासून दर रविवारी आई भिंतीवर यायची आणि चहाचे कप तिच्याच समोर मांडले जायचे. टीव्ही घेतला ते बरं केलं, असं ती नवऱ्याला पहिल्यांदा म्हणाली आणि त्याने ते दोनदा म्हणवून घेतलं.

एक गोष्ट मात्र तिच्या नजरेला टोचायची. आई थोडी बाजूला बघून बोलायची. नवरा म्हणाला, फोनवर सगळेच कुठेतरी भलतीकडे बघतात, कॅमेरा कुठे असतो हे कुणाला कळतं. तिला ते पटलं.

मग एक दुपार आली. भिंगरीला नवा फ्रॉक शिवून आला होता, पिवळाधमक, दोन खिशांचा. खिसे मिळाल्याचा आनंद भिंगरीला आवरेना, म्हणून आठवड्याच्या मधल्याच दिवशी तिने आईला टीव्हीवर फोन लावला. "आजीला दाखव बरं." भिंगरी गिरक्या घेऊ लागली.

"बघू, बघू, फिर आणखी एकदा," आई म्हणाली. "अगं, किती गोड दिसतंय पिल्लू! लाल रंग खुलतोच हिला."

"आई, पिवळा आहे."

"हो गं, पिवळाच. या मोबाइलवर रंग कुठे धड दिसतात."

तीही हसली. हसता हसता तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक लहान चौकट असते, आपण पलीकडच्याला कसे दिसतोय ते दाखवणारी. ती चौकट काळीकुट्ट होती. तिने वर पाहिलं. कॅमेऱ्यावर पट्टी तशीच होती.

आईच्या फोनवर इतका वेळ नुसता काळोख होता, आणि आई त्या काळोखाला गोड म्हणत होती.

प्रयोगशाळेत काचेचं भांडं हातातून निसटताना दिसतं आणि पोचता येत नाही, तसं तिला झालं. हळूच उठून तिने पट्टी काढली. चौकटीत भिंगरी आली, मागे तिची खुर्ची आली. आईच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. अंधारातून अचानक उजेड झाल्यावर माणूस जरा तरी दचकतो, डोळे मिचकावतो. आई तशीच बाजूला बघत हसत होती.

"आई, भिंगरीच्या हातात काय आहे सांग बरं?"

भिंगरीने टेबलावरचा चमचा उचलला होता आणि ती खुर्चीवर ठोकत होती.

"चमचा," आई तत्काळ म्हणाली.

क्षणभर तिला हायसं वाटलं. दुसऱ्या क्षणी कळलं, की तो चमचा आईने ऐकला होता. तिने तो काढून घेतला आणि लेकीच्या हातात टॉवेल दिला. टॉवेलला आवाज नसतो.

"आणि आता?"

आईने मान थोडी तिरकी केली. एक्स्चेंजमध्ये पलीकडचा बोलायचा थांबला की ती अशीच करत असणार.

"तू मला परीक्षेला बसवलंस का?" आई म्हणाली. आवाज साधाच होता. मग गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून तिने फोन ठेवला आणि भिंत रिकामी झाली.

तिने नर्सबाईंना फोन लावला. त्या 'मी सांगितलं नव्हतं का' म्हणतील, म्हणून तिने मान खाली घालूनच ठेवली होती. नर्सबाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की तो हिच्या कानाला लागला.

"सुटले बाई," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईने मला शपथ घातली होती. त्यात राहून जेवढं सांगता आलं तेवढं मी तुला सांगितलं होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दिसणं कमी होऊन बरेच महिने झाले होते. आई जिन्यात कठड्याला धरून चढायची, आलेलं टपाल यांच्याकडून वाचून घ्यायची, संध्याकाळी बाहेर पडणं तिने बंदच केलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून नर्सबाई मागे लागल्या, तर आई म्हणायची, डॉक्टर म्हणेल घरच्या कुणाला तरी घेऊन या, आणि घरची म्हणजे एकच. ती आधीच एवढ्यातेवढ्याला घाबरते. तिला सांगितलं की ती झोपणार नाही, ती झोपली नाही की बाळाचे हाल. लेकरू जरा मोठं होऊ दे, मग बघू.

संध्याकाळी नवरा आला. तिने त्याला सगळं सांगितलं, एका दमात आणि उलटसुलट. त्याने हवामान खात्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. स्टुलावर चढून माळ्यावरची प्रवासाची बॅग काढली आणि छापखान्यात फोन करून रजा सांगितली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये पुढच्या बाकावरचा माणूस पूर्ण प्रवासभर खोकत होता, हे तिला उतरल्यावर आठवलं.

बेल वाजवायच्या आधीच आईने दार उघडलं. "जावईबापूंचे बूट, तुझी चप्पल, आणि ही तुरुतुरु पळतेय ती," ती म्हणाली. भिंगरी एरवी अनोळखी दारात हिच्या पायामागे लपते. इथे तिने आजीकडे नीट निरखून पाहिलं, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि कान सापडल्यावर खूश झाली.

घर लख्ख होतं. आणि आता, माहीत झाल्यावर, घराने सगळं सांगून टाकलं. मिठाच्या बरणीला दोऱ्याची एक गाठ, साखरेच्या बरणीला दोन. खुर्च्या भिंतीला चिकटून, मधली वाट मोकळी. आईने चहा ओतला तेव्हा कपाच्या आतल्या कडेवर बोट ठेवलं, चहा बोटाला लागला तशी थांबली आणि बोट झटकलं. एक थेंब सांडला नाही. ते बघताना तिला रडायचं होतं आणि आईला ते ऐकू जाईल म्हणून रडता येत नव्हतं.

नवरा भिंगरीला घेऊन गच्चीवर गेला. दोघीच उरल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"घाबरले असते."

"मग," आई म्हणाली. "अगं, मला माझ्या डोळ्यांची एवढी भीती नाही वाटत. तुझ्या भीतीची वाटते."

आपली काळजी म्हणजे घराभोवतीचं कुंपण आहे, असं ती समजत आली होती. त्या कुंपणाबाहेर आई उभी आहे, हे तिला आता दिसत होतं. तिने आईचा चहाने पोळलेला हात हातात घेतला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी घाबरलेली आहे. पण घाबरून पण जाता येतं."

आई हसली. नाकावर घडी पडली.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आईचे डोळे पुन्हा पुन्हा तपासले. दोन दुखणी एकात एक होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, म्हणून सगळं धुक्यात. तो काढता येईल. पण त्याच्या आडून काचबिंदूही काम करत होता. त्याने बाजूची नजर कुरतडली होती, आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येईल. थेंब रोज घालायचे, न चुकता, कायमचे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसं येतच नाहीत, डॉक्टर म्हणाल्या. आणखी काही महिने असेच गेले असते, तर राखायला फारसं उरलं नसतं.

आईचा चेहरा हिच्या चेहऱ्याकडे वळला होता. दिसत नव्हतं, पण श्वास ऐकत होती. तिने श्वास सांभाळला आणि डॉक्टरांना विचारलं, थेंब कसे घालायचे ते आम्हाला दोघींना दाखवाल का. आईचे खांदे सैल झाले, ते तिने पाहिलं.

शस्त्रक्रियेसाठी आईला आपल्याकडे आणलं. आधी डावा डोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पट्टी काढली, तेव्हा ती आईच्या पुढ्यातच बसली होती. आईने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग हात पुढे करून तिने लेकीच्या कानशिलाला स्पर्श केला.

"तुला पांढरे केस कधी आले गं?"

"आलेत थोडे."

"आणि मला म्हणत होतीस, सगळं ठीक आहे," आई म्हणाली. मग दोघीही रडल्या आणि डॉक्टरांनी आईला दटावलं, की नव्या डोळ्याला इतक्यात हे चालणार नाही.

पुढे उजवा डोळाही झाला. थोडे दिवस घरात टीव्हीचं राज्य आईकडे होतं. मोठी अक्षरं तिला मधोमध बसून छान वाचता यायची. पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या बातम्या ती मोठ्यांदा वाचून दाखवायची, कुणी ऐको न ऐको. बातम्या देणारी बाई कालचाच कोट घालून आली की तिला लगेच कळायचं. जावई कामावरून आला की दोघं मिळून फुटबॉलचा सामना लावायचे. दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं आणि दोघेही ठामपणे बोलत. ती स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा दुपारी तिने आईला आपले ते मुके मासे दाखवले. आवाज का नाही, आईने विचारलं. मग आवाज लावला, आणि त्यांना समजलं, की समुद्राच्या तळालाही भरपूर आवाज असतो. इतके दिवस तिने तो ऐकलाच नव्हता.

आई कायमची इथे राहील, असं तिला वाटत होतं. आई म्हणाली, माझं घर माझ्या पायांना पाठ आहे, मला जाऊ दे. हिच्या ओठांवर इशाऱ्यांची आख्खी यादी आली आणि हिने ती गिळली. त्याऐवजी दोघींत एक करार झाला. फोन लावला, की आधी वाईट सांगायचं, मग चांगलं. काही वाईट नसेल तर शोधून सांगायचं.

म्हणून आता रविवारी भिंतीवर आई आली, की पहिलं वाक्य असतं: "काल रात्रीचा थेंब विसरले होते." ती "बरं" म्हणते. 'बरं' म्हणताना तिला काय काय होतं, ते तिचं तिला ठाऊक, पण 'बरं' म्हणते. मग आई सांगते, की नर्सबाईंनी आठवण केली आणि उशिरा का होईना घातला. मग तिची पाळी येते: "मला परवा फार एकटं वाटलं." आई म्हणते, "बरं." त्यानंतर भिंगरी, खिसे आणि बाकीचं जग.

टीव्हीला नावं ठेवणारी माणसं तिला अजूनही भेटतात आणि त्यांचं सगळं तिला पटतं. ती स्वतः खडूची रेघ पुसू देत नाही. पण तो काळा पडदा फडक्याने पुसताना तिचा हात जरा हळू फिरतो. लहानशा मोबाइलच्या पडद्यावर तिला काही कळलं नसतं. आई कान होऊन बोलत राहिली असती, ही ऐकत राहिली असती, आणि दोघी एकमेकींना बऱ्या वाटत राहिल्या असत्या.

लसीकरणाच्या रांगेत, जिन्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, जो भेटेल त्याला ती हे सांगते, आणि हे वाचणाऱ्यालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमचंही कुणीतरी असेल. विचारलं की लगेच 'मी बरी आहे' किंवा 'मी बरा आहे' म्हणणारं, तुमचा जीव घाबरेल म्हणून काही न सांगणारं. त्यांना आज फोन करू नका. शक्य असेल तर आज जाऊन या. त्यांच्या हातचा चहा घ्या, आणि तो कसा ओततात ते बघा.